मुलांचे न्यायाधीश बेन लिंड्से

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांची चरित्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि ती व्हावीत हे योग्यच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाच्या संमतीने आम्ही एका परदेशस्थ गृहस्थांचे चरित्र वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेत हे नाव घरोघरी ठाऊक होते. १९१४ साली तेथील एका मासिकाने हयात असलेल्या थोर अमेरिकनांविषयी वाचकांचा कौल घेतला, तेव्हा कोट्यधीश दानशूर कार्नेगी यांच्या बरोबरीने हे नाव पहिल्या दहांत आले. सेनापती नव्हे, राष्ट्राध्यक्ष नव्हे, तर एका डोंगराळ राज्यातील जिल्हा पातळीचे हे न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे येणारे पक्षकार बहुधा दहा-बारा वर्षांचे असत. ज्या घरात मूल आहे त्या प्रत्येक घरास त्यांचे काम जवळचे वाटेल, अशी आमची खात्री आहे.

बेंजामिन बार लिंड्से यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८६९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यात जॅक्सन या गावी झाला. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले असून पुढे तारखात्यात नोकरीस होते. नोकरीच्या निमित्ताने हे कुटुंब पश्चिमेस कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी गेले. रॉकी पर्वताच्या पायथ्याचे हे शहर चांदीच्या व सोन्याच्या खाणींमुळे भराभर वाढत होते. बेनचे बालपण चारचौघांसारखे, किंबहुना सुखाचे चालले असता वडिलांची नोकरी गेली, प्रकृती ढासळली, कर्ज झाले आणि शेवटी त्यांनी आपल्या हाताने जीवनाचा अंत करून घेतला. बेन त्या वेळी अठरा वर्षांचे होते. चार भावंडांत ते थोरले. घरात विधवा आई.

मग या किरकोळ बांध्याच्या मुलाने पहाटे वर्तमानपत्रे टाकावीत, दिवसा जमीनजुमल्याच्या कचेरीत काम करावे आणि रात्री इमारती झाडून पुसून ठेवाव्यात, असा क्रम सुरू झाला. उरलेल्या वेळात ते एका वकिलाच्या कार्यालयात बसून कायद्याची पुस्तके वाचीत. त्या काळी तेथे कायदा शिकण्याची ही रूढ रीत होती. शरीर थकले, मन खचले आणि एके रात्री त्यांनीही वडिलांचाच मार्ग धरला. पिस्तुलाचा चाप ओढला, पण काडतूस उडाले नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे छापून प्रसिद्ध केली आहे, म्हणून आम्ही तिचा उल्लेख करण्यास धजलो. पुढे कोर्टात उभ्या राहणाऱ्या पोरांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्यांना कोणत्याही कायद्याच्या ग्रंथातून मिळालेली नव्हती, हे यावरून कळून येईल.

१८९४ साली त्यांना वकिलीची सनद मिळाली. सुरुवातीच्या दिवसांतच न्यायालयाने त्यांना ज्यांच्यापाशी वकील नाही अशा दोन आरोपींची बाजू मांडण्यास सांगितले. तरुण वकीलसाहेब तुरुंगात अशिलांना भेटावयास गेले. पाहतात तो दोन लहान मुले सराईत चोरट्यांच्या कोंडाळ्यात बसून पत्ते खेळत होती. एक घोडेचोर, दुसरा तिजोऱ्या फोडणारा, आणि हे दोघे त्यांचे शागीर्द! कित्येक आठवडे ती मुले खटल्याची वाट पाहत तेथे होती. सरकार जनतेच्या खर्चाने गुन्हेगारीची शाळा चालवीत आहे आणि तिच्यात मुलांना सक्तीने बसवीत आहे, असे लिंड्से यांच्या मनाने घेतले. परंतु वकिलाच्या हाती तेव्हा काय असणार? त्यांना वाट पाहावी लागली.

१९०१ च्या आरंभी राजकीय पक्षाच्या आश्रयाने त्यांची काउंटी न्यायाधीशाच्या जागेवर नेमणूक झाली. हे न्यायालय मुख्यतः मृत्युपत्रे, वारसे, कर्जवसुली अशा रुक्ष कामांचे. एके दिवशी संध्याकाळच्या सुमारास जुन्या फर्निचरच्या मालकीचा कंटाळवाणा वाद चालला असता सरकारी वकील मध्येच उठले आणि चोरीचे एक लहानसे प्रकरण पाच मिनिटांत उरकून घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. एक इटालियन मुलगा पुढे आणला गेला. रेल्वेच्या रुळांजवळून त्याने कोळसा चोरला होता. पुरावा होता, कबुली होती, कायदा स्पष्ट होता. न्यायाधीशांनी त्यास सुधारशाळेत पाठविण्याची शिक्षा सुनावली आणि ते पुन्हा फर्निचरकडे वळणार, तोच न्यायालयाच्या मागच्या बाजूने एक किंकाळी उठली. मुलाची आई भिंतीवर डोके आपटून घेत होती.

त्या किंकाळीने न्यायाधीश हादरले. शिक्षा तहकूब ठेवून त्यांनी काम थांबविले आणि त्याच रात्री ते मुलाच्या घरी गेले. घर कसले, इटालियन वस्तीतील दोन खोल्यांचे खोपट ते. बाप धातू वितळविण्याच्या कारखान्यात काम करून शिशाच्या विषाने अंथरुणास खिळलेला, घरात थंडी, आणि कोळसा आणावयास पैसा नाही. मुलाने चोरी केली होती हे खरे. पण ज्या कायद्याने मुलास उचलून नेले, त्या कायद्यास कारखान्याचे नाव घेण्याचीही गरज वाटली नव्हती. न्यायाधीशांनी मुलास आपल्या देखरेखीखाली घरीच राहू दिले. फर्निचरच्या वादाचा निकाल काय लागला, हे आज कोणास ठाऊक असणार? या मुलाच्या प्रकरणातून मात्र एक नवे न्यायालय उभे राहिले.

नवे न्यायालय म्हटले तरी नवा कायदा तेव्हा हाती नव्हता. मुलांसाठी निराळे न्यायालय पहिल्याप्रथम जुलै १८९९ मध्ये शिकागो येथे सुरू झाले होते. कोलोरॅडोत तसे काही नव्हते. लिंड्से यांनी कायद्याची पुस्तके चाळता चाळता १८९९ सालचा शाळाविषयक एक कायदा शोधून काढला. शाळा चुकविणाऱ्या, उनाड व बेशिस्त मुलांविषयी त्यात एक कलम होते. अशा मुलांना गुन्हेगार न ठरविता शिस्तीच्या बाहेर गेलेली मुले समजून दुरुस्त करावे, असा त्याचा आशय. कोणाच्या ध्यानीमनीही नसलेले हे कलम त्यांनी उचलले आणि शाळेच्या वयाच्या मुलांविरुद्ध जी जी तक्रार येईल ती याच कलमाखाली आणावी, असा आग्रह सरकारी वकिलांकडे धरला. आयुष्यभर हजेरीपट सांभाळलेल्या आम्हांस या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. जगभर गाजलेल्या या न्यायालयाचा पाया शाळेच्या कायद्यात होता.

सुमारे त्याच दिवसांत कबुतरांची चोरी करणारी काही मुले त्यांच्यापुढे आली. एका म्हाताऱ्याच्या खुराड्यात ती शिरली होती. कायद्याच्या भाषेत ही घरफोडी! चौकशी करता करता न्यायाधीशांच्या लक्षात आले की, आपण लहान असताना सोबत्यांबरोबर जी कबुतरे पळवावयास निघालो होतो, ती याच म्हाताऱ्याची. आयत्या वेळी छाती झाली नाही म्हणून आपण बचावलो, एवढाच फरक. आता त्या खुर्चीत बसून त्या मुलांना घरफोडे ठरवावयाचे कोणत्या तोंडाने? वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी शेजाऱ्याच्या कैऱ्या पाडल्या असतील, त्यांस यावर अधिक भाष्य नको.

तथापि केवळ दयाळूपणाने तुरुंगाची दारे उघडत नाहीत. डेन्व्हरच्या पद्धतीत मुले पकडण्यात पुष्कळांचा फायदा होता. खटला भरला की अधिकाऱ्यांना ठराविक मेहनताना मिळे, आणि कैद्यास पोचविले की शेरीफच्या माणसांना भत्ता मिळे. मूल जितके अधिक वेळा पकडले जाई तितकी कमाई अधिक. तुरुंगात मुलांवर मोठ्या कैद्यांकडून जे अत्याचार होत ते लेखणीने लिहिण्यासारखे नाहीत. लिंड्से यांनी वर्तमानपत्रातून ही स्थिती चव्हाट्यावर मांडली, तेव्हा पोलीसखात्याने कानावर हात ठेवले. मग त्यांनी निराळाच उपाय योजला. राज्याचे गव्हर्नर, शहराचे अधिकारी आणि धर्मोपदेशक यांना आपल्या खोलीत बोलावले आणि तुरुंगाचा अनुभव घेतलेल्या मुलांना एकेक करून त्यांच्यापुढे बोलते केले. मुले जे घडले ते सांगत गेली. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते ऐकवेना. त्यानंतर विरोधकांचा आवाज बसला आणि १९०३ साली मुलांसंबंधीचे कायदे कोलोरॅडोच्या विधिमंडळात संमत झाले.

या कायद्यांत आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा कायदा मुलांसंबंधी नसून मोठ्यांसंबंधी आहे. मुलाच्या बिघडण्यास जो कोणी प्रौढ माणूस हातभार लावील, मग तो बाप असो, दारूचा गुत्तेवाला असो की चोरीचा माल विकत घेणारा भंगारवाला असो, त्यास शिक्षा व्हावी, असे त्यात ठरले. अमेरिकेत अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा मानला जातो. तोपर्यंत मुलगा तुरुंगात जाई आणि त्यास दारू पाजणारा गुत्त्याच्या गल्ल्यावर बसून राही. आता न्यायाधीश मुलास विचारू लागले की, हे तुला कोणी शिकविले, कोणी विकले, कोणी विकत घेतले. आणि समन्स त्या दुसऱ्याच्या दारी जाऊ लागले.

शनिवारची सकाळ ही त्या न्यायालयाची खरी शोभा. देखरेखीखाली असलेली मुले दर पंधरवड्यास शनिवारी न्यायालयात जमत. येताना प्रत्येकाने आपल्या शिक्षकाचा शेरा आणावयाचा. न्यायाधीश उंच आसनावर न बसता मुलांमध्ये येऊन उभे राहत, एकेकाचा शेरा सर्वांदेखत मोठ्याने वाचीत, सुधारणा दिसली की पाठ थोपटीत, आणि शेरा वाईट असला तर कारण विचारीत. उंची बेताची आणि अंगकाठी सडपातळ असल्यामुळे त्या घोळक्यात ते अनेकदा मुलांपैकीच एखादे वाटत. ज्या मुलास घरी कोणी विचारीत नाही, त्याच्या गणिताच्या शेऱ्याकडे एका न्यायाधीशाचे लक्ष आहे, ही गोष्ट त्या मुलास केवढी मोठी वाटत असेल! आम्ही शाळेत छत्तीस वर्षे खडूची पूड खाल्ली. शेरेबुकावर आम्ही जे लिहितो ते घरी कोणी वाचते की नाही, याची शंका आम्हांस नेहमीच राहिली. डेन्व्हरच्या शिक्षकांना ती शंका नव्हती.

या शनिवारच्या बैठकीत एक नियम काटेकोर पाळला जाई. स्वतःचा अपराध स्वतः सांगावयाचा, दुसऱ्याची चहाडी करावयाची नाही. सोबत्याचे नाव सांग, म्हणजे तुला सोडतो, हा पोलिसी खाक्या लिंड्से यांना मान्य नव्हता. टोळीतील मुलाने आपल्या सोबत्यांना समजावून न्यायालयात घेऊन यावे आणि प्रत्येकाने आपापले सांगावे, असे ते म्हणत. वर्गात एखादी वस्तू नाहीशी झाली म्हणजे शिक्षकापुढे दोनच वाटा असतात, असे आपण समजतो. एक छडीची, दुसरी चहाडखोरास जवळ करण्याची. पहिलीने मुले खोटे बोलावयास शिकतात, दुसरीने नीच होतात. लिंड्से यांनी तिसरी वाट धरली, आणि ती चालू शकते हे दाखविले. सांगितले तर बाहेर फुटणार नाही, एवढा विश्वास मुलास आला म्हणजे तो बोलतो. आलेल्या मुलांनी इतके सांगितले की, पोलिसांच्या दप्तरी ज्यांची नोंदही नव्हती अशा चोऱ्या न्यायाधीशांस कळल्या आणि पुष्कळसा माल परतही मिळाला.

त्यांच्या विश्वासाची कसोटी लागली ती गोल्डनच्या बाबतीत. डेन्व्हरपासून दहाबारा मैलांवर गोल्डन या गावी राज्याची सुधारशाळा होती. सर्व उपाय थकले म्हणजे मुलास तेथे पाठविणे भाग पडे. पूर्वी शेरीफचा माणूस हातकड्या घालून त्यास नेई. लिंड्से यांनी ते बंद केले. रवानगीचे कागद व गाडीभाडे मुलाच्याच हाती देऊन, तेथे तुला का जावयाचे आहे हे त्यास नीट समजावून, ते त्यास एकट्यास पाठवू लागले. गाडी बदलावी, वाटेत उतरावे, पळून जावे, सर्व काही मुलास शक्य होते. पोलीस हसले. पण मुले गेली! शेकडो मुले अशी एकटीदुकटी गेली आणि त्यांपैकी न पोचणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. शेरीफच्या माणसांचा भत्ता बुडाला, ही त्यांची तक्रार मात्र खरी होती.

एवढे वाचून कोणास वाटेल की, हे गृहस्थ भाबडे असावेत. तसे मुळीच नव्हते. आपल्याच न्यायालयाच्या कागद-दौतीच्या बिलांत काउंटीच्या कारभाऱ्यांनी अवाच्या सवा किंमती लावल्याचे दिसताच त्यांनी ते प्रकरण तडीस नेले. ज्या पक्षाने त्यांना खुर्ची दिली त्याचेच लोक त्यात अडकले होते. शहरातील वीज, पाणी, ट्राम यांच्या कंपन्या, गुत्तेवाले आणि दोन्ही पक्षांचे पुढारी यांची साखळी त्यांनी पुढे एका सहलेखकाच्या साहाय्याने पुस्तकरूपाने मांडली. ते १९१० साली द बीस्ट, म्हणजे श्वापद, या नावाने प्रसिद्ध झाले. साहजिकच १९०८ च्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी त्यांना उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले. कोलोरॅडोतील स्त्रियांना १८९३ पासूनच मताधिकार होता, त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मुले रस्तोरस्ती त्यांची गाणी म्हणत फिरली. पक्षाच्या पैशापुढे आयांची मते भारी ठरली आणि लिंड्से निवडून आले.

१९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपावरील कोळसाखाण कामगारांच्या तंबूंवर सैनिकांनी हल्ला केला. तंबू पेटले आणि खाली खणलेल्या खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मरण पावली. लिंड्से त्या खाणकामगारांच्या बायकांना घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापुढे त्यांना उभे केले. डेन्व्हरच्या प्रतिष्ठितांनी त्यांना राज्याची बदनामी करणारा ठरविले.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाकडे वळतो, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. १९१५ च्या सुमारास एका स्त्रीवर पतीच्या खुनाचा खटला चालू होता. तिच्या अल्पवयीन मुलाने त्या घटनेविषयी लिंड्से यांना विश्वासाने काही सांगितले होते. सरकारपक्षाने लिंड्से यांना साक्षीस बोलाविले आणि मुलाने काय सांगितले ते उघड करण्यास फर्माविले. त्यांनी नकार दिला. वकिलास अशिलाचे, वैद्यास रोग्याचे, धर्मगुरूस भाविकाचे गुपित राखण्याची कायद्याने मुभा आहे. मुलाच्या न्यायाधीशास ती का नसावी, हा त्यांचा मुद्दा होता. कायद्याने तो मानला नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाचशे डॉलर दंड झाला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. स्वतः न्यायाधीश असून दुसऱ्या न्यायालयाचा अवमान पत्करणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी ते बोलले असते, तर पुढच्या शनिवारी एकही मूल बोलले नसते.

त्यांच्या पद्धतीत दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तिची सर्व मदार माणसावर होती. वकील नाही, साक्षीपुराव्याचे कडक नियम नाहीत, न्यायाधीश बापाच्या जागी. बाप लिंड्से यांच्यासारखा असला तर उत्तमच, पण सर्वत्र लिंड्से कोठून आणावयाचे? पुढे देशभर अशी न्यायालये झाली आणि अनेक ठिकाणी प्रेमाच्या नावाखाली मनमानी चालली. ॲरिझोना राज्यात एका पंधरा वर्षांच्या मुलास फोनवर असभ्य बोलल्याच्या आरोपावरून, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा हुकूम झाला. प्रौढ माणसास त्याच अपराधाबद्दल फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली त्या प्रकरणात निर्णय दिला की, मुलासही आरोपाची आगाऊ सूचना मिळण्याचा, वकील मिळण्याचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे. लिंड्से यांनी मुलास न्यायालयात मायेचे माणूस दिले. हक्काचे कवच त्यास मिळावयास आणखी साठ वर्षे जावी लागली. दोन्ही हवीत, असे आमचे मत आहे.

१९२५ नंतरच्या काळात त्यांनी तरुण पिढीच्या वर्तनावर व विवाहसंस्थेवर पुस्तके लिहिली. त्यांपैकी १९२७ च्या पुस्तकात, मूल होईपर्यंत पतिपत्नींना परस्परसंमतीने विभक्त होण्याची सवलत असावी आणि संततिनियमनास कायद्याची मान्यता असावी, असे त्यांनी सुचविले. त्यावर फार मोठे वादळ उठले. आमच्या पिढीच्या संस्कारांस त्यातील काही विचार मानवणारे नाहीत, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण मुलाचा जन्म झाल्यावर मात्र आईबापांनी सहजासहजी वेगळे होऊ नये, हाही त्याच विचाराचा दुसरा भाग होता. तो टीकाकारांनी सोयीस्करपणे वगळला.

त्यांचा पाडाव मात्र पुस्तकांनी झाला नाही. त्या दशकात कू क्लक्स क्लान ही काळ्या, ज्यू व कॅथॉलिक लोकांचा द्वेष करणारी गुप्त संघटना कोलोरॅडोत अतिशय प्रबळ झाली होती. १९२४ च्या निवडणुकीत राज्याचे गव्हर्नरपदही तिच्याच माणसाकडे गेले. लिंड्से तिच्याविरुद्ध उघडपणे बोलत. त्याच निवडणुकीत ते क्लानच्या उमेदवाराविरुद्ध अगदी थोड्या मतांनी निवडून आले, पण तो निकाल न्यायालयात नेण्यात आला. प्रकरण दोन-अडीच वर्षे चालले. १९२७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मतदान विभागातील मते रद्द ठरविली. त्या विभागात ज्यू मतदारांची बहुसंख्या होती. त्यामुळे लिंड्से यांची निवड रद्द झाली आणि सव्वीस वर्षांनंतर त्यांना ती खुर्ची सोडावी लागली.

खुर्ची सोडताना त्यांच्यापुढे एकच काळजी होती. कपाटात हजारो मुलामुलींच्या कबुलीजबाबांचे कागद होते. त्यांतील पुष्कळ मुले आता मोठी होऊन संसारास लागली होती. कोणी व्यापारी, कोणी शिक्षक, कोणी कोणाच्या बायका, कोणी आया. ते कागद उद्या येणाऱ्या वैऱ्याच्या हाती पडले, तर शहरातील कित्येक घरे उद्ध्वस्त झाली असती. १९२७ च्या उन्हाळ्यात लिंड्से यांनी ते खासगी कागद एका मोकळ्या जागेत नेले आणि पत्नी, मित्रमंडळी व वार्ताहर यांच्या देखत त्यांची होळी केली. लपून नव्हे, उघडपणे. आयुष्यभराच्या कामाचा लेखी पुरावा त्यांनी आपल्या हाताने जाळला. इतिहास लिहिणाऱ्यांची यामुळे मोठी हानी झाली, यात शंका नाही. त्या मुलांना मात्र त्या रात्री शांत झोप लागली असेल.

आपल्या देशाचे या बाबतीत काय, असा प्रश्न वाचक विचारतील. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सात वर्षांखालील मुलास अपराधी मानू नये असे होते, आणि १८७६ व १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. मुलांसाठी निराळे न्यायालय ही कल्पना मात्र आपल्याकडे मद्रास प्रांताच्या १९२०, बंगालच्या १९२२ आणि मुंबई इलाख्याच्या १९२४ च्या बालक अधिनियमांनी आली. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे रिमांड होम हे नाव मुंबईकर वाचकांच्या कानावरून गेलेच असेल. आता अशा संस्थेस निरीक्षणगृह म्हणतात. सबंध देशासाठी कायदा १९८६ साली झाला, त्याच्या जागी २००० व २०१५ चे कायदे आले. आता दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक मंडळावर बसतात आणि त्यांपैकी एक तरी स्त्री असावी लागते. मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापण्यास मनाई आहे. विशेष म्हणजे, घोर अपराधांतील काही प्रकरणे वगळता, अपिलाची मुदत संपल्यावर मुलाच्या दोषाच्या नोंदी नष्ट कराव्यात, अशी तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. डेन्व्हरच्या मोकळ्या जागेत जे एका माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर केले, ते येथे सरकारी हुकमाने होते.

लिंड्से यांचे शत्रू एवढ्यावर थांबले नाहीत. न्यायाधीश असताना परराज्यातील एका वारसा प्रकरणात मदत करून मोबदला घेतला, या आरोपावरून १९२९ साली कोलोरॅडोतील त्यांची वकिलीची सनद काढून घेण्यात आली. न्यायाधीशाने असा मोबदला घेऊ नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांनी निकाल दिला त्यांच्या मनात केवळ तत्त्वच होते, असे मानणे आम्हांस जड जाते. १९३० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मोठ्या कॅथीड्रलमध्ये तेथील बिशपांनी प्रवचनात त्यांच्या पुस्तकाची निंदा केली, तेव्हा लिंड्से श्रोत्यांतून उठून उत्तर देऊ लागले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर नेले. साठी उलटलेल्या माणसास हे शोभले का, असे कोणी विचारील. आमच्या मते शोभले नाही, पण स्वभाव कोठे जातो? सनद १९३५ साली त्यांना परत मिळाली.

तोवर ते पत्नी हेन्रिएटा व दत्तक घेतलेली कन्या यांच्यासह कॅलिफोर्नियात स्थायिक झाले होते. १९३४ साली लॉस एंजेलिसच्या मतदारांनी त्यांना मोठ्या मताधिक्याने वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून निवडून दिले. डेन्व्हरमध्ये वर्षानुवर्षे त्यांनी पाहिले होते की, न्यायालयात येणाऱ्या मुलाच्या मागे पुष्कळदा मोडलेले घर असते. म्हणून ज्या पतिपत्नींना मुले आहेत त्यांनी घटस्फोटाचा अर्ज केल्यास आधी न्यायालयाने त्यांच्यात समेटाचा प्रयत्न करावा, अशा स्वरूपाचा कायदा त्यांनी तयार केला. तो १९३९ साली कॅलिफोर्नियात संमत झाला आणि मुलांच्या नावाने ओळखले जाणारे समेट न्यायालय सुरू झाले. वयाच्या सत्तराव्या वर्षी भांडणारी जोडपी समोर बसवून ते तासन्‌तास त्यांची समजूत घालीत असत. २६ मार्च १९४३ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळीही ते न्यायाधीशाच्या पदावरच होते.